आपल्याच तालुक्यात परागंदा

परागंदा हा शब्द कानी पडला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो. पनवेल तालुक्यातील शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांना सरकारने एडनला नेऊन ठेवले आणि १८८३ साली तेथेच त्यांचा अंत झाला. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे देश सोडून गेले ते अमेरिकेमार्गे मेक्सिकोला पोहोचले आणि तेथील शेतकी शाळेत अध्यापक झाले. विसाव्या शतकातील युरोपाने तर परागंदा राजकारण्यांचा एक वर्गच निर्माण केला. १९३३ च्या मार्च महिन्यात जर्मन राइशस्टागमध्ये हिटलरला सर्वाधिकार देणारे विधेयक आले, तेव्हा सभागृहात उरलेल्या पक्षांपैकी एकट्या सोशल डेमोक्रॅटांनी त्याविरुद्ध मत दिले. जून महिन्यात त्या पक्षावर बंदी आली आणि त्याचे नेते ओटो वेल्स प्रथम प्रागला व पुढे पॅरिसला गेले. पुन्हा मायदेश पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

या सर्वांना ओलांडायला एक सरहद्द तरी होती. कर्जत तालुक्यातील माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांना तीही नव्हती. लोक त्यांना भाई म्हणत. वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांनी घर सोडले ते आपल्याच तालुक्याच्या रानात जाण्यासाठी, आणि पाच महिन्यांच्या आत, घरापासून एका दिवसाच्या वाटचालीच्या टापूत, ते मारले गेले. सरकारी दृष्टीने ते फरारी गुन्हेगार होते. त्याआधी मात्र ते वकील होते, नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते, शाळा काढणारे आणि धान्याचे हिशेब ठेवणारे कार्यकर्ते होते. हुतात्मा या एका पदवीने त्यांच्या आयुष्याचा शेवटचा प्रहर उजळला खरा. पण त्या उजेडात आधीचा दिवस काहीसा झाकोळून गेला आहे.

भाईंचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला, एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. माथेरान ही वसतीच मुळात इतरांच्या सुखासाठी वसलेली. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी तो डोंगर शोधला, असे पुस्तकांत सांगतात. अर्थात त्या डोंगरावरच्या ठाकर-कातकऱ्यांना तो हरवलेला असल्याचे ठाऊक नव्हते. पुढे साहेबांचे बंगले आले, पारशी आणि बोहरी धनिकांचे बंगले आले, १९०५ साली नगरपालिका आली आणि १९०७ साली आदमजी पीरभॉय यांची नेरळहून वर चढणारी छोटी आगगाडी आली. पाहुणे हवा खायला येत. त्यांचे सामान डोक्यावर वाहणारे हमाल, घोडेवाले, माणसाने माणसाला ओढायच्या रिक्षा चालविणारे, धोबी, न्हावी आणि माळी हे मात्र बारमाही माथेरानकर होते. हंगाम संपला, पाऊस कोसळू लागला की पाहुण्यांचे गाव रिकामे होई आणि उरे ते या लोकांचे गाव. अशा गावात जन्मलेल्या बुद्धिमान मुलाला समाजाची रचना समजून घेण्यासाठी ग्रंथ उघडण्याची फारशी आवश्यकता नसावी.

प्राथमिक शाळेपुढचे शिक्षण माथेरानात नव्हते म्हणून भाई पुण्याला गेले. तेथे त्यांनी नाव काढले, पुढे पदवी घेतली व कायद्याची परीक्षा दिली. त्या काळी नाभिक समाजातील मुलाने वकील होणे ही लहान गोष्ट नव्हती. पांढरपेशा होऊन पुण्या-मुंबईत स्थिरावण्याचा मार्ग त्यांच्यापुढे मोकळा होता आणि तो त्यांनी धरला असता तर कोणी नावे ठेवली नसती. शिकलेल्या पहिल्या पिढीवर घराचे ऋण असतेच. इंदूताईंशी विवाह होऊन संसारही सुरू झाला होता. तरीही भाई परतले ते माथेरानला, आणि डोंगराखालच्या खेड्यांत हिंडू लागले.

तो टापू डोळ्यांपुढे आणला पाहिजे. पश्चिमेला माथेरानचा डोंगर, पूर्वेला सह्याद्रीची भिंत, मध्ये उल्हास नदीच्या काठाने नेरळ-कर्जतची भातखाचरे. दक्षिणेला खालापूर आणि बोरघाटाचा पायथा. पावसाचे प्रमाण प्रचंड, पण जमीन कसणाऱ्याच्या कणगीत भात फार काळ टिकत नसे. खंड, मक्ता आणि जुने देणे वळते करून उरलेले धान्य होळीपर्यंत पुरले तरी नशीब. मग आषाढ-श्रावणात, शेतात सर्वांत अधिक श्रम असतात नेमक्या त्याच दिवसांत, घरात दाणा नसे. सावकाराच्या दारी जाऊन खावटीसाठी भात आणावे आणि सुगीला ते दीडपटीने परत करावे, ही रीत होती. ज्याने भात पिकविले त्यानेच ते उसने घ्यायचे आणि वर व्याज द्यायचे. या व्यवहारात कोणीही कायदा मोडीत नव्हते. म्हणूनच तो मोडून काढणे अवघड होते.

भाईंनी जे केले ते वरकरणी अगदी साधे होते. त्यांनी गरीब शेतकऱ्यांसाठी धान्याची कोठारे सुरू केली, अडचणीच्या दिवसांत तेथून धान्य मिळेल अशी व्यवस्था लावली आणि गावोगावी स्वयंसेवी शाळा काढल्या. कोठार आणि शाळा या दोन गोष्टी एकत्र आल्या यात त्यांच्या कामाचे मर्म आहे. कोठार नुसते उघडून चालत नाही. किती भात आले, किती गेले, परत किती आले, हे लिहून ठेवावे लागते, आणि लिहिलेले वाचता येणारा माणूस गावात असावा लागतो. सावकाराचे बळ त्याच्या धान्यात होते त्याहून अधिक त्याच्या वहीत होते. ती वही दुसऱ्याला वाचता येऊ लागली की अर्धी सावकारी संपते. कुलाबा जिल्ह्यात याच दशकात दुसऱ्या टोकाला, अलिबागकडील चरी गावी, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९३३ पासून वर्षानुवर्षे जमीन न कसण्याचा संप चालविला होता. कर्जतकडील काम त्या मानाने आवाज न करणारे होते. परंतु दोहोंचा रोख एकाच दिशेला होता.

माथेरानच्या नगरपालिकेत भाई निवडून आले व उपाध्यक्ष झाले. न्हाव्याचा मुलगा बंगलेवाल्यांच्या गावाचा कारभार पाहू लागला, ही घटना आज वाचताना जेवढी सहज वाटते तेवढी तेव्हा नव्हती. युरोपातील सोशल डेमोक्रॅटांच्या राजकारणाची खरी शाळा नगरपालिका हीच होती. घरे, पाणी, वाहतूक, शाळा यांचा कारभार नीट चालविला तर क्रांतीवाचूनही माणसाचे जगणे बदलता येते, अशी त्यांची श्रद्धा होती. भाई कोतवालांनी हे तत्त्वज्ञान त्या नावाने अभ्यासले होते की नाही, हा प्रश्न गौण आहे. १९४२ च्या उन्हाळ्यापर्यंतचे त्यांचे काम त्याच जातीचे होते. त्यात बंदुकीला कोठेही जागा नव्हती.

मग ती आली कशी? याचे उत्तर शोधताना कर्जत-खालापूर भागातील आणखी एका गोष्टीकडे पाहावे लागते, आणि ती म्हणजे वीज. घाटमाथ्यावर लोणावळ्याच्या आसपास पावसाचे पाणी धरणांत अडवायचे, ते नळांतून कोकणात खाली सोडायचे आणि त्याच्या वेगावर यंत्रे फिरवायची, ही टाटांची योजना. १९१५ साली खालापूर तालुक्यातील खोपोलीचे वीजघर सुरू झाले, १९२२ च्या सुमारास कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे काम थोर होते यात शंका नाही. कोळशाच्या धुरावर चालणारी मुंबई या विजेवर चालू लागली. गिरण्यांचे माग फिरले, ट्रामगाड्या धावल्या, १९२५ पासून रेल्वे विजेवर चालू लागली आणि त्या दशकाच्या अखेरीस कल्याणहून कर्जतमार्गे पुण्यापर्यंत विजेच्या तारा आल्या. लोखंडी मनोऱ्यांच्या रांगा भातखाचरांत पाय रोवून मुंबईच्या दिशेने निघून गेल्या. ज्यांच्या शेतांवरून त्या तारा जात होत्या त्यांच्या घरांत मात्र रात्री रॉकेलची चिमणी जळे, तेही रॉकेल मिळाले तर. मुंबईच्या गळ्यातून जाणारी नस आपल्या बांधावरून जाते, हे या भागातील माणसाला रोज दिसत होते.

८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री मुंबईत गवालिया टँक मैदानावर ठराव झाला आणि पहाटेपर्यंत काँग्रेसचे श्रेष्ठी तुरुंगात गेले. पुढे काय करायचे याचा तपशीलवार आदेश देणारे कोणी बाहेर उरले नाही. अच्युतराव पटवर्धन, अरुणा असफ अली, राममनोहर लोहिया हे समाजवादी भूमिगत झाले. उषाबेन मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त नभोवाणी चालविली. कुलाबा जिल्ह्यात १० सप्टेंबरला महाडला नाना पुरोहितांच्या नेतृत्वाखाली मोर्चा निघाला आणि त्यावर गोळीबार झाला. नेत्यांवाचून उरलेल्या त्या चळवळीत प्रत्येक तालुक्याला आपले उत्तर आपणच शोधावे लागले. कर्जतचे उत्तर भाई कोतवालांनी शोधले.

ते भूमिगत झाले आणि त्यांनी आझाद दस्ता उभारला. सुमारे पन्नास माणसे त्यात होती. शेतकरी होते, तरुण होते, रानवाटा पायाखालच्या असलेले होते. मुंबईला जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडायचे, असा कार्यक्रम ठरला. हे काम वाटते तितके सोपे नव्हते. उंच पोलादी मनोरा, वर जिवंत तारा; रात्रीच्या अंधारात त्याचे पाय करवतीने कापायचे, तो कोणत्या बाजूला कोसळेल याचा अंदाज घ्यायचा आणि कोसळण्याआधी दूर व्हायचे. करवतीचा आवाज रात्री लांबवर जातो. शिवाय प्रत्येक वेळी गस्त अधिक कडक झालेली असे. तरीही सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या अवधीत दस्त्याने ११ मनोरे पाडले. मुंबईच्या कारखान्यांचा आणि रेल्वेचा वीजपुरवठा पुनःपुन्हा खंडित झाला. युद्धाचे उत्पादन ज्या शहरात चालले होते त्या शहराला एका डोंगरी तालुक्यातील मूठभर माणसे अंधारात लोटू शकतात, हे पाहून सरकार हादरले. भाईंना पकडून देणाऱ्यास इनाम जाहीर झाले आणि खास पोलीस अधिकारी या कामी नेमले गेले.

या कृत्याचा न्याय करताना दोन्ही बाजूंची घाई टाळली पाहिजे. मनोरे पाडणे ही अहिंसा नव्हे, असे मत काँग्रेसमध्येही प्रबळ होते. १९४४ साली सुटून आल्यावर गांधीजींनी गुप्तता आणि घातपात या दोहोंबद्दल आपली नापसंती स्पष्टपणे व्यक्त केली आणि भूमिगतांना उघड होण्याचा सल्ला दिला. तो ऐकायला भाई हयात नव्हते. कम्युनिस्ट पक्षाने तर सोव्हिएत संघावरील आक्रमणानंतर ते युद्ध लोकयुद्ध मानले होते. त्यांच्या लेखी युद्धकाळात गिरण्या बंद पाडणे हे फॅसिझमला साहाय्य करण्यासारखे होते. या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. हिटलर आणि तोजो यांच्या विजयातून हिंदुस्थानचे काही भले होणार नव्हते, आणि गिरणी बंद पडली की पहिला भुर्दंड बसतो तो रोजावरच्या कामगाराला. परंतु आक्षेप घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की दस्त्याने मोहिमेसाठी निवडले ते लोखंड होते, माणूस नव्हे. आणि ज्या राज्याने लोकशाहीच्या नावाने युद्ध पुकारून इथल्या लोकप्रतिनिधींना एका रात्रीत गजाआड केले, त्या राज्याकडे नगरपालिकेच्या एका उपाध्यक्षाने कोणत्या सनदशीर मार्गाने दाद मागायची होती?

भाई कोतवालांची शोकांतिका येथे आहे. कायदा शिकलेल्या माणसापुढचा कायदाच संपला होता. १९४२ साली ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला, तेथून येणारा तांदूळ बंद झाला, भाव चढले. मे १९४३ मध्ये मुंबई शहरात शिधावाटप सुरू करण्याची वेळ आली आणि त्याच वर्षी बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. कर्जतच्या खेड्यांना धान्याच्या कोठारांची सर्वाधिक गरज ज्या पावसाळ्यानंतर लागणार होती, नेमक्या त्याच पावसाळ्यात कोठार चालविणारा माणूस रानात गेला. त्याला ही किंमत दिसली नसेल असे मानण्याचे कारण नाही. ती दिसूनही त्याने निर्णय घेतला.

त्याच काळात तुर्कस्तानात अंकारा येथे एर्न्स्ट रॉयटर नावाचे एक जर्मन सोशल डेमोक्रॅट नगररचना शिकवीत होते. बर्लिनच्या सार्वजनिक वाहतुकीची घडी बसविणारे आणि माग्देबुर्गचे महापौर झालेले हे गृहस्थ. नाझींनी त्यांना पदच्युत करून दोनदा छळछावणीत टाकले, तेव्हा १९३५ साली ते तुर्कस्तानात गेले. तेथे त्यांना पगार होता, विद्यार्थी होते, कुटुंब जवळ होते. आपल्या देशाच्या पुनर्रचनेचा विचार करायला त्यांना अकरा वर्षे मिळाली. १९४६ साली ते परतले आणि पुढे पश्चिम बर्लिनचे महापौर झाले. रॉयटरांच्या यातनांना कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु परदेशात आश्रय मिळालेल्या राजकारण्याला आपले अर्धे राहिलेले काम स्मरणात जपून ठेवता येते. भाईंना ती सवलत नव्हती. त्यांचा आश्रय म्हणजे सह्याद्रीचे रान, आणि तो किती दिवस टिकेल हे खालच्या वस्त्यांच्या मौनावर अवलंबून होते. ज्या माणसांच्या खावटीची त्यांनी एकेकाळी सोय लावली होती, त्यांच्याच चुलीवरची भाकर आता त्यांना जगविणार होती. पोलिसांच्या धाडी पडत, घरे तपासली जात. अशा वेळी एखाद्या झोपडीतून निघालेली भाकर हा राजद्रोहच होता.

माथेरानच्या पूर्वेकडील टोकांवर उभे राहिले तर दरीपलीकडे सह्याद्रीची भिंत समोर दिसते. कर्जत तालुका जेथे संपतो तेथील खांडस गावावरून भीमाशंकरची वाट वर चढते, आणि डोंगराच्या याच ओळीत उत्तरेला, ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात, सिद्धगड आहे. पायथ्याशी नारिवली आणि बोरवाडी, अर्ध्या उंचीवर माची आणि तिच्यावरची लहानशी वाडी, वर सुळक्यासारखा बालेकिल्ला. भोवती दाट जंगल. डिसेंबरअखेर भाई आणि त्यांचे निवडक सहकारी या जंगलात होते. जिल्ह्याची हद्द ओलांडली म्हणून पाठलाग थांबणार नव्हता. त्यांचा ठावठिकाणा फुटला. अशा प्रत्येक कथेत एक फितूर असतो आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या नावाची चर्चा चालते. त्या चर्चेने भाईंच्या चरित्रात काही भर पडत नाही.

२ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांच्या तुकडीने त्यांचा तळ गाठला. हॉल नावाचा गोरा अधिकारी तुकडीच्या अग्रभागी होता. थंडीचे दिवस, नुकते उजाडू लागलेले. झालेल्या गोळीबारात मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील पडले आणि भाई कोतवालही पडले. भाईंच्या वयाची तिशी पूर्ण होऊन एक महिना आणि एक दिवस झाला होता. हिराजी पाटील या तरुण शेतकऱ्याचे नाव भाईंच्या नावापुढे अनेकदा पुसट होते, हा अन्याय आहे. वकिलाला आपण काय करतो आहोत याचे शब्द सापडतात. शेतकऱ्याच्या मुलाने त्या शब्दांवर आपला जीव ठेवला, आणि त्याच्यापाशी परतायला नगरपालिकेची खुर्ची नव्हती, होते ते भाताचे खाचर.

दस्ता विखुरला, धरपकड झाली, मनोरे पुन्हा उभे राहिले आणि मुंबईचे दिवे लागले. लढ्याच्या नकाशावर यानंतर सातारचे प्रतिसरकार आले, ते दीर्घकाळ टिकले आणि मराठी वाङ्मयात त्याला मोठे स्थान मिळाले. त्यापुढे कर्जतचे पाच महिने अल्प भासतात. परंतु साताऱ्याला कृष्णाकाठची मोठमोठी गावे, तालमी आणि शेतकऱ्यांच्या जुन्या चळवळींची बैठक लाभली होती. कर्जतच्या पाठीशी ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या, कुळांची खेडी आणि मुंबईपासून दोन तासांच्या अंतरावरची रेल्वे होती. सरकारचा हात जेथे सर्वांत लवकर पोहोचतो त्या ठिकाणी हा प्रयोग झाला. तो तीन महिने यशस्वी झाला याचेच नवल वाटावे.

स्वातंत्र्यानंतर नेरळजवळ कोतवालवाडी ही संस्था त्यांच्या नावाने उभी राहिली आणि तिने आदिवासींच्या शिक्षणाचे काम हाती घेतले. भाईंच्या आयुष्याचा पूर्वार्ध ज्यांना ठाऊक होता त्यांनी योजलेले हे स्मारक आहे. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. २०२० साली भाईंच्या जीवनावर एक मराठी चित्रपट निघाला आणि ज्यांनी माथेरान फक्त सहलीला पाहिले होते अशा अनेकांनी त्यांचे नाव प्रथम ऐकले. सिद्धगडावर ते जेथे पडले तेथे स्मारक आहे. दरवर्षी १ जानेवारीच्या रात्री कर्जत आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांतून माणसे त्या रानाकडे निघतात आणि २ तारखेच्या पहाटे, ज्या प्रहरी गोळीबार झाला त्या प्रहरी, स्मारकापाशी उभी राहतात.